भोपळ्याची माफी

ओमा प्रुइट थापा मारते हे हॉर्नबीम गावात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तिच्या थापांनी कधी कुणाचं वाटोळं झालं नव्हतं. दहा वर्षांची असताना तिनं रविवारच्या शाळेतल्या बाईंना सांगितलं, की आमच्या गाईला डावं-उजवं कळतं. बाई दोनदा गाय बघायला येऊन गेल्या. दुसऱ्या खेपेला जाताना म्हणाल्या, असेलही बाई, देवाची करणी.

पुढं ओमाचं लग्न झालं, नवरा वारला, खोऱ्यातल्या मोज्यांच्या गिरणीत तिची सव्वीस वर्षं गेली. दिवसभर मोज्यांची टोकं शिवायची आणि शेजारच्या बाईला गोष्टी सांगायच्या. गिरणी बंद पडली तेव्हा बायका रडल्या त्या पगारासाठी, आणि थोड्या त्या गोष्टींसाठीही. त्याच सुमाराला टेकडीवरच्या कॉलेजनं नवं नाट्यगृह बांधलं. एका बाजूला चित्रकलेचे वर्ग, दुसऱ्या बाजूला रंगमंच, आणि खाली तळघरात शिवणघर. तिथं शिवणारी बाई हवी होती. एकसष्टाव्या वर्षी ओमा त्या तळघरात जाऊन बसली आणि राजे, शिपाई, भुतं, वाण्याच्या बायका, जे सांगतील ते शिवू लागली.

काम तिला आवडलं. एखादा नट फार तोऱ्यात असला, तर ती दर मापाला त्याची कंबर अर्ध्या इंचानं घट्ट करायची आणि काळजीच्या सुरात म्हणायची, "पोरा, खानावळीत जरा हात आखडता घे." तो बिचारा आठवडाभर सॅलडवर राहायचा. मग ती शिवण उसवून पूर्ववत करायची.

तिचं जमत नव्हतं ते एकट्या प्रोफेसर पेल्हमशी. पेल्हम बोस्टनहून आला होता. दाढी, पाइप, आणि डोंगर चढायचे भारी बूट, जे कॉलेजच्या गालिच्यावरच झिजले. माणूस वाईट नव्हता. पण त्यानं पहिल्याच वर्षी डोंगरातल्या जुन्या लोकांवर नाटक बसवलं आणि कपडे बघायला तळघरात आला.

"मिस ओमा, अजून ठिगळं हवीत."

"कशाला?"

"डोंगरातली माणसं आहेत ही."

"मी कुठली आहे? माझ्या अंगावर दिसतंय का एखादं?"

"तुमची गोष्ट वेगळी. ही पन्नास वर्षांपूर्वीची माणसं आहेत."

पन्नास वर्षांपूर्वीची माणसं म्हणजे ओमाची आई. सात मुलं आणि दोन झगे. पण आई ठिगळ लावायची ते आतून, त्याच कापडाचा दोरा ओढून काढून, दिव्याशी धरलं तरी दिसू नये असं. गावात जाताना मुलांना ओळीनं उभं करून मागून-पुढून बघायची. ठिगळ दिसलं तर माझं नाक कापलं जाईल, म्हणायची. ओमानं त्या नाटकासाठी एक्केचाळीस ठिगळं लावली, लाल कापडाची, लांबून दिसतील अशी. तिच्या मनातून मात्र ते गेलं नाही.

नाटकाला गाव आलं होतं. आपलेच आजे-पणजे अनवाणी, दात काळे केलेले, ठिगळांत गुंडाळलेले बघून लोकांनी रीतीप्रमाणे टाळ्या वाजवल्या. बाहेर पडताना पेंडीच्या दुकानाचा आर्व्हिल ओमाला म्हणाला, "का गं, आपल्या आजोबांना बूट नव्हते?"

"होते की. तुझ्या आजोबांकडे दोन जोड होते. त्यातला एक माझ्या आजोबांचा होता, ही गोष्ट वेगळी."

पुढच्या उन्हाळ्यात पेल्हम रेकॉर्डिंगचं मशीन काखोटीला मारून घरोघर फिरू लागला. त्याला जुन्या चालीरीती हव्या होत्या, अस्सल, कुणी न लिहिलेल्या. लोक त्याला ओसरीवर बसवायचे, ताक द्यायचे आणि सांगायचे, "आमचं काय हो, उठायचं, कामाला लागायचं, रविवारी चर्च." महिनाभरात त्याच्याकडे ताकाबद्दलची बरीच माहिती जमा झाली.

ऑगस्टमधे एका सकाळी तो तळघरात आला. ओमा एका पांढऱ्या शर्टाला वरचं बटण लावत होती, काळ्या दोऱ्यानं. पांढरा दोरा संपला होता आणि दुकान दुपारशिवाय उघडणार नव्हतं, एवढीच गोष्ट होती.

"हे काळ्या दोऱ्यानं का?" पेल्हमनं विचारलं. विचारताना त्याची पेन्सिल आधीच वर आली होती.

ओमानं पेन्सिलीकडे पाहिलं. तिला ती एक्केचाळीस ठिगळं आठवली.

"थोरल्याचं बटण आहे ते," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"थोरल्या मुलाचं वरचं बटण काळ्या दोऱ्यानंच लावायचं. नाहीतर धाकट्याचं लग्न आधी होतं."

पेल्हम हळूच स्टुलावर टेकला. "मिस ओमा, मी हे रेकॉर्ड केलं तर चालेल?"

"करा की. एरवी माझा आवाज वायाच जातो."

मशीनची चाकं फिरू लागली आणि ओमाला कंठ फुटला. बटणावरून ती उंबरठ्यावर आली, उंबरठ्यावरून विहिरीवर. मधमाश्यांना घरातली भांडणं सांगू नयेत, त्या बाजू घेतात. पेल्हम भराभर लिहीत होता. मग तो म्हणाला, "आणि हिवाळा लागताना? पहिलं दंव पडतं तेव्हा काही करत असाल ना?"

"भोपळ्याची माफी मागतात," ओमा म्हणाली. तिलाच ठाऊक नव्हतं हे कुठून आलं.

"भोपळ्याची?"

"शेतात एक भोपळा राखून ठेवायचा. पहिलं दंव पडेल त्या सकाळी सगळ्या घरानं त्याच्यापुढं जायचं, थोरला आधी. टोपी काढायची आणि वर्षभरातली एक चूक कबूल करायची. सगळ्यांची झाली की भोपळा चिरायचा आणि एका टेबलाशी बसून खायचा."

"आणि एखादा खात नसेल तर?"

"त्याची चूक त्याच्या पोटात राहते. पुढच्या दंवापर्यंत."

पेल्हमनं चष्मा काढून पुसला. त्याचे डोळे भरून आले होते. ओमानं घरी जाऊन मक्याची भाकरी ताकात कुस्करली आणि खाता खाता इतकी हसली की तिला उचकी लागली.

तिचा बेत सरळ होता. पेल्हम यावर नाटक करणार हे दिसतच होतं. गाव बघायला येणार, भोपळ्यापुढं टोपी काढणारा नट बघून खो खो हसणार, आणि बोस्टनचं शहाणपण सगळ्यांदेखत उताणं पडणार. ठिगळांची फिटंफाट. एकच अडचण उरली होती, कपड्यांची, आणि तो विषय पेल्हमनंच काढला.

"कपड्यांना या वेळीही ठिगळं..."

"छे," ओमा म्हणाली. "ठिगळ लावून भोपळ्यापुढं जातात होय? भोपळ्याला वाटतं आपला अपमान झाला. दंव आठवडाभर हटत नाही मग."

पेल्हमनं त्या दिवशी हुकूमच काढला, की स्टेजवर एकही ठिगळ दिसता कामा नये. मग ओमानं हौसेनं कपडे शिवले. आईच्या झग्याची कॉलर कशी होती ते आठवून आठवून बेतली. वडलांचा रविवारचा कोट, आजोबांचा वास्कट. सगळं धुतलेलं, कांजी केलेलं, कडक इस्त्रीचं.

ऑक्टोबरात नाटक झालं. नाट्यगृह भरलं होतं. ओमा मुद्दाम पुढं बसली, म्हणजे हसू मागून अंगावर येईल. शेवटच्या प्रवेशात ओहायोचा एक पोरगा, केसांना पीठ लावून म्हातारा झालेला, भोपळ्यापुढं आला. त्यानं टोपी काढली आणि म्हणाला, "या वर्षी मी भावाशी बोललो नाही. तो मरणाला टेकला तेव्हाही मी आधी बोललो नाही."

ओमानं कान मागं लावले. आता हसतील.

कुणी हसलं नाही. मागं कुणीतरी नाक शिंकरलं. ओमानं वळून पाहिलं तर आर्व्हिल. त्याच्या पलीकडे तिची सख्खी थोरली बहीण हेट्टी, जी नवऱ्याच्या मयतीला रडली नव्हती, ती रुमालात तोंड खुपसून बसली होती.

"काय झालं गं तुला?" बाहेर आल्यावर ओमानं विचारलं.

"आईचाच झगा होता तो," हेट्टी म्हणाली. "कॉलर बघितली आणि मला राहवेना. सगळे कसे आपल्यासारखे दिसत होते. आणि ती भोपळ्याची रीत. किती वर्षांनी बघितली."

"हेट्टी, भोपळ्याची रीत कुठली?"

"आजी करायची ती."

"आजीनं जन्मात भोपळा लावला नाही. तिला भोपळा बाधायचा."

"तू लहान होतीस," हेट्टी म्हणाली आणि नाक पुसत पुढं गेली.

आठ दिवसांनी पहिलं दंव पडलं. ओमा सकाळी कामाला निघाली तर आर्व्हिलच्या दुकानापुढं रांग. दारात एका पेटीवर भोपळा ठेवलेला, आणि थंडीत टोप्या हातात धरून माणसं उभी. आर्व्हिलला कमी ऐकू येत असल्यामुळं तो जे भोपळ्याच्या कानात सांगायला गेला ते चौकात ऐकू गेलं: "गेल्या जत्रेत माझ्या ज्या मुरंब्याला बक्षीस मिळालं, तो माझ्या मेहुणीनं केलेला होता." मेहुणी रांगेत तिसरी होती. तिचा नंबर आला तेव्हा ती म्हणाली, "आत्ता माझ्या मनात जे आलं त्याबद्दल माफी असावी." पोस्टातल्या क्लीटसनं कबूल केलं, की तो सगळ्यांची पोस्टकार्डं वाचतो. हे गावाला माहीतच होतं, पण त्यानं आपणहून सांगितलं म्हणून त्याच्या पाठीवर थाप पडली. दुपारी सगळ्यांनी मिळून भोपळा खाल्ला. ओमालाही एक फोड आणून दिली. तिनं ती खाल्ली. काय करणार?

मग चित्रकलेच्या वर्गातली डीना आली. तिला आर्व्हिलच्या दुकानाच्या भिंतीवर मोठं चित्र काढायचं होतं: गाईएवढा भोपळा आणि पुढं सगळं गाव. सगळ्यात पुढच्या म्हातारीसाठी तिला ओमा हवी होती. तीन दुपारी ओमा डोकं उघडं टाकून त्या भिंतीसमोर उभी राहिली.

"मिस ओमा, चेहऱ्यावर जरा पश्चात्ताप आणा ना."

"कसला?"

"कसलाही चालेल. आयुष्यात एखादी तरी खोटी गोष्ट बोलल्या असाल."

ओमानं भिंतीवरच्या भोपळ्याकडे पाहिलं. त्याच्या बाजूला डीनानं पेन्सिलीनं आर्व्हिल काढला होता, हातात टोपी धरलेला, अगदी साधा भोळा. ओमाचा चेहरा उतरला.

"हां, असाच," डीना म्हणाली. "हलू नका."

चौथ्या दिवशी ओमा तडक पेल्हमच्या खोलीत गेली. "प्रोफेसर, ते भोपळ्याचं सगळं खोटं आहे. बटणाचंही. मी थापा मारल्या तुम्हाला."

पेल्हमनं पाइप खाली ठेवला. त्याचा चेहरा उजळला. "मला वाटलंच होतं तुम्ही एक दिवस येऊन हे म्हणाल."

"कळलं होतं तुम्हाला?"

"परक्याला गुपित सांगितलं की नंतर ते नाकारायचं, हे सगळीकडे सापडतं. नाकारणं हाही रीतीचाच भाग असतो." त्यानं मशीन सुरू केलं. "कृपा करून पुन्हा एकदा म्हणा."

"अहो, मी थापा मारल्या. माझा दोरा संपला होता."

"सुंदर. आणि नाकारताना डोकं झाकलेलं असावं लागतं, की उघडं?"

"झाकलेलं," ओमा म्हणाली, आणि मग जीभ चावली. पण मशीनवर ते उमटलं होतं.

हेट्टीकडे तर त्याहून वाईट झालं. हेट्टीनं स्वेटर विणता विणता सगळं ऐकून घेतलं. "साठ वर्षं तू थापा मारतेस," ती म्हणाली. "ही त्यातली सगळ्यात भिकार. आजी वर गेली म्हणून तिच्या नावावर काहीही खपवायचं का?"

पेल्हमचं पुस्तक निघालं. दोन वर्षांनी तो दुसऱ्या मोठ्या कॉलेजात गेला. त्याच्या निरोपाला गावानं त्याला एक भोपळा दिला आणि त्यानं स्टेशनवर सगळ्यांदेखत कबूल केलं, की पहिल्या नाटकातली ठिगळं ही आपली चूक होती. ओमानं त्याला त्या दिवशी माफ केलं. पण ते नंतरचं. भोपळ्याचं नाटक झालं त्याच वर्षी, पहिल्या दंवाला पंधरवडा होत आला असेल, हेट्टी एका शनिवारी सकाळी ओमाच्या ओसरीवर उभी राहिली. हातात भोपळा, लहानसाच, एका बाजूला चपटा.

"चर्चला निघालीस की काय?" ओमा म्हणाली. हेट्टीनं चांगली टोपी घातली होती.

"तू बस."

ओमा झोक्यावर बसली. हेट्टीनं भोपळा कठड्यावर ठेवला आणि बहिणीकडे पाठ करून उभी राहिली. तिनं भोपळा दोनदा सरकवून सरळ केला. हेट्टीनं आयुष्यात कुणाची माफी मागितली नव्हती. एकदा तिच्या बग्गीखाली शेजाऱ्याची कोंबडी आली, तर तिनं शेजाऱ्यालाच बोल लावला होता.

"तो तंबूवाला आला होता ना," हेट्टी भोपळ्याला म्हणाली. "एकोणतीस साली."

ओमाचा झोका थांबला.

तंबूवाला म्हणजे खेळ घेऊन गावोगाव फिरणारा माणूस. गाणी, जादू, कुत्र्याच्या उड्या. त्यानं सतरा वर्षांच्या ओमाला दुकानाच्या पायरीवर बसून गोष्ट सांगताना ऐकलं. दोन खेळांच्या मधे स्टेजवर खुर्ची टाकून बसायचं आणि हेच करायचं, म्हणाला. ओमानं ओसरीखाली बोचकं लपवलं होतं. पहाटे निघायचं होतं. उठून बघते तर बाप फाटकात बसलेला, आणि त्याच्या मांडीवर तिचे बूट. तो एक शब्द बोलला नाही. बूट घेऊन तो आठ दिवस कामावर जात राहिला. तंबू पुढं निघून गेला. बोचकं ओढताना बाबांना आवाज आला असणार, असंच ओमा आजवर धरून चालली होती.

"बाबांना मी सांगितलं," हेट्टी म्हणाली. "बाकीची भावंडं लग्नं करून कधीच गेली होती, तू गेल्यावर त्या घरात मी एकटी राहिले असते. कोण बोललं असतं माझ्याशी? आईला वेळ नव्हता, बाबा मुकेच. म्हणून सांगितलं. झालं."

खालच्या रस्त्यावरून एक गाडी गेली. ओमा भोपळ्याकडे बघत होती. तिला राग यायला हवा होता, आणि आलाही, पण चव्वेचाळीस वर्षं उशिरा आलेला राग कुठं ठेवायचा ते तिला सुचेना. समोर हेट्टीची पाठ. त्या पाठीवर कोटाची शिवण उसवली होती आणि आतून ठिगळ लावलेलं होतं, आईसारखं.

"त्याला ऐकू आलं नाही," ओमा म्हणाली.

"कुणाला?"

"भोपळ्याला. मोठ्यानं म्हणायचं असतं. आणि टोपी काढून."

"बायकांनी टोपी काढायची नसते."

"थोरल्या बहिणीनं काढायची असते."

हेट्टीनं टोपी काढली. पातळ झालेले केस वाऱ्यावर उडाले. "मी बाबांना सांगितलं," ती मोठ्यानं म्हणाली. समोरच्या अंगणातलं कुत्रं उठून बसलं.

"आता उजवा बूट काढ."

"बूट? आजी बूट काढत नव्हती."

"काढायची. तू झोपलेली असायचीस."

हेट्टी वळली. ती बहिणीच्या तोंडाकडे बघत राहिली. ओमाचा चेहरा अगदी गंभीर होता, फक्त डावी भुवई थोडी वर गेली होती. हेट्टीनं काय ओळखलं कोण जाणे. तिनं वाकून नाडी सोडली, बूट काढला आणि ओमाच्या मांडीवर ठेवला. मग गार पडलेल्या फळ्यांवर एका पायावर उभी राहिली. चौसष्ट वर्षांची बाई, कठड्याला धरून.

"किती वेळ?"

"बघू. भोपळा सांगेल."

"ओमा, माझा पाय बधिर होतोय."

"माझे आठ दिवस बुटांवाचून गेले होते."

हेट्टीचा तोल गेला आणि ती झोक्यावर ओमाच्या अंगावरच येऊन बसली. झोका करकरला. आधी कोण हसलं ते दोघींनाही सांगता आलं नसतं, आणि त्यातलं किती हसणं होतं तेही.

मग त्या आत गेल्या. ओमानं चुलीवर घेवडा आणि खारवलेलं डुकराचं मांस ठेवलं होतं, त्याच्या शेजारी भोपळा चिरायला घेतला. साल दगडासारखं टणक. हेट्टीनं सुरी हिसकावून घेतली. "तुला कधीच नीट चिरता आलं नाही," ती म्हणाली. काही वेळानं, मान वर न करता, तिनं विचारलं, "गेली असतीस तर काय झालं असतं गं?"

ओमा खुर्चीत मागं रेलली.

"पहिल्याच गावात कुत्र्यानं संप केला असता," ती म्हणाली. "उड्या मारायला तयार नाही. मालक आला माझ्याकडे, हात जोडून. म्हणाला, मिस ओमा, आता तूच काय ते बघ."

"मग?"

"मग मी कुत्र्याशी बोलले. त्याचं म्हणणं तसं रास्त होतं."

हेट्टी चिरायची थांबली. ओमा सांगत गेली. कुत्र्याची मागणी मान्य झाली, जादूगाराची बायको खरोखरच गायब झाली, तंबू नदीत वाहून गेला आणि तिघांनी पोहून परत आणला. नॉक्सव्हिल झालं, नॅशव्हिल झालं. दोघी मेम्फिसला पोचल्या तोवर चुलीवरच्या घेवड्याचं पाणी आटून तो खाली लागला होता.